शेंगदाण्यातील अफलाटॉक्सिनसाठी एलायझा किट: वापरणाऱ्याचे मत

अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही, दाणे भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही आणि यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. 1974 साली राजस्थान-गुजरातमधील बांसवाडा व पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली होती. त्यामुळे केवळ कुबट वासावरून माल पारखणे मला पटत नाही. शेंगदाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या आमच्या कारखान्यात त्यासाठी 96 खाचांच्या प्लेटचे एलायझा किट वापरले जाते; एलायझा म्हणजे प्रतिपिंडे (विशिष्ट पदार्थाला पकडणारी, शरीरात तयार होणारी प्रथिने) वापरून रंगावरून विष मोजणारी चाचणी.

अफलाटॉक्सिनचा रेणू इतका लहान असतो की एकट्याने तो प्रतिपिंडे निर्माण करू शकत नाही; म्हणून तो मोठ्या प्रथिनाला जोडून प्राण्याला टोचतात आणि त्यातून मिळालेली प्रतिपिंडे किटमध्ये वापरतात. खाचेत नमुन्यातले विष आणि विकर (रंग आणणारे एन्झाइम) जोडलेले विष यांच्यात त्या प्रतिपिंडांसाठी चढाओढ लागते. साहजिकच विष जितके जास्त, तितका रंग फिका. हे उलटे नाते नवख्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी समजावून द्यावे.

एकाच प्लेटवर अनेक लॉट एकत्र तपासता येतात, हे या किटचे खरे बळ आहे. आपल्याकडे पुढील प्रक्रियेसाठीच्या दाण्यांत किलोमागे 15 आणि थेट खाण्याच्या दाण्यांत 10 मायक्रोग्रॅम एकूण अफलाटॉक्सिन चालते, तर युरोपीय संघात थेट खाण्याच्या दाण्यांना 4 चीच मुभा आहे. त्यामुळे निर्यातीसाठी किट घेताना त्याची खालची मोजमर्यादा आधी पाहावी. बी1 या अफलाटॉक्सिनच्या प्रकारासाठी तयार केलेली प्रतिपिंडे बी2, जी1 आणि जी2 या इतर प्रकारांना सारख्याच ताकदीने पकडत नाहीत, म्हणून मर्यादेच्या आसपासचा निकाल आम्ही एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील यंत्राने) पडताळून घेतो.

मात्र सर्वांत मोठी चूक प्लेटवर नव्हे, तर पोत्यापाशी होते. विष लॉटभर सारखे पसरलेले नसते. मोजके बुरशीचे दाणे सगळा लॉट बाद ठरवू शकतात, आणि वरवरच्या मूठभर नमुन्यात नेमके तेच सुटतात. निरनिराळ्या पोत्यांतून भरपूर दाणे घेऊन, ते बारीक दळून नीट मिसळल्याशिवाय मिथेनॉलमध्ये अर्क काढण्यात अर्थ नाही.

किट 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावे लागते, आणि प्रत्येक वेळी प्रमाण द्रावणांनाही (विषाचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या, तुलनेसाठीच्या द्रावणांनाही) खाचा लागत असल्याने एक-दोन नमुन्यांसाठी ते महाग पडते. लहान व्यापाऱ्याने त्याऐवजी झटपट तपासणीची पट्टी घ्यावी. रोज आवक असलेल्या कारखान्याने मात्र हे किट अवश्य घ्यावे.