शोधगंगा : हायस्कूलच्या शिक्षकांनी परिशिष्टापासून वाचावी

देशातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध एका जागी, फुकट आणि खातं न उघडता वाचायला मिळतात ते शोधगंगेवर. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ही सेवा चालवतं. ५ लाखांहून जास्त प्रबंध तिथे आहेत आणि त्यांत माध्यमिक शाळांतल्या अध्यापनावरचं कामही भरपूर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी हायस्कूलच्या शिक्षकांनी ही सेवा जरूर वापरावी. फक्त बहुतेकजण ज्यासाठी तिथे जातात ते शेवटच्या प्रकरणातले निष्कर्ष बहुधा कच्चे असतात. पक्का माल परिशिष्टांत मिळतो.

शोधताना पहिली अडचण गावाच्या नावाची. नोव्हेंबर २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी नाव बदललं, त्यामुळे जुन्या प्रबंधांच्या इंग्रजी शीर्षकात ‘बेलगाम’ (Belgaum) असतं, नव्यांत ‘बेळगावी’ (Belagavi). दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहावीत. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं आहे. त्याआधीचं इथलं काम धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली शोधावं. मराठीतून लिहिलेलं हवं तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ निवडून शिक्षणशास्त्र विभाग उघडावा. मराठी शीर्षक कधी देवनागरीत असतं, कधी रोमन लिपीत, कधी नुसतं इंग्रजी भाषांतर. एका प्रयत्नात सापडलं नाही म्हणून सोडू नये.

शीर्षकात ‘बेळगाव जिल्हा’ दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे वेगळे आहेत आणि नमुन्यातल्या, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या, शाळा सगळ्या कन्नड माध्यमाच्याही असू शकतात. नमुन्याचा तक्ता संशोधन पद्धतीच्या प्रकरणात असतो, बहुधा तिसऱ्या. माध्यमाचा रकानाच नसेल तर भाषेवर अवलंबून असलेला कुठलाही निष्कर्ष आपल्या वर्गाला लावू नये.

प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी असते, ही मोठी सोय. आधी अनुक्रमणिका, मग पद्धतीचं प्रकरण, मग परिशिष्टं उघडावीत. उत्तरसूचीसकट चाचण्या, निदानात्मक प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांच्या चुकांच्या याद्या, तासिकानिहाय पाठटाचणं असं सामान तिथे असतं. चांगल्या प्रबंधात प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी (किती जणांचं उत्तर बरोबर आलं ते प्रमाण) आणि भेदनक्षमताही (हुशार आणि कच्ची मुलं प्रश्न किती वेगळी काढतो ते) दिलेली असते. दिली नसेल तर स्वतः काढता येते: ४० मुलांच्या वर्गात एकूण गुणांनुसार वरची ११ आणि खालची ११ मुलं घ्यावीत (साधारण २७ टक्के). वरच्यांपैकी ९ आणि खालच्यांपैकी ४ जणांचं उत्तर बरोबर आलं, तर काठिण्यपातळी १३ भागिले २२, म्हणजे ०.५९, भेदनक्षमता ५ भागिले ११, म्हणजे ०.४५. असा प्रश्न बिनदिक्कत ठेवावा. भेदनक्षमता ०.२ च्या खाली गेली की प्रश्नाची भाषा किंवा पर्याय तपासावेत.

सीमाभागात मात्र चाचणी जशीच्या तशी उचलता येत नाही. कोल्हापूरकडच्या चाचण्या महाराष्ट्राच्या पाठ्यक्रमावर असतात. ओहमचा नियमच घ्या: २०१७ च्या महाराष्ट्राच्या पुस्तकात तो नववीला आहे, कर्नाटकात एनसीईआरटीवर बेतलेल्या पुस्तकात दहावीला. संज्ञाही जुळतीलच असं नाही. घटक, इयत्ता आणि शब्द आपल्या पुस्तकाशी ताडून, बदललेले प्रश्न एका तुकडीवर चालवून मगच चाचणी वापरावी.

आता निष्कर्ष कच्चे का, ते. नेहमीचा आराखडा असा: एका शाळेची ‘अ’ तुकडी प्रायोगिक (नव्या पद्धतीने शिकणारी), ‘ब’ तुकडी नियंत्रित (नेहमीच्या पद्धतीने शिकणारी), पूर्वचाचणी, काही आठवड्यांचं अध्यापन, लगेच उत्तरचाचणी. प्रायोगिक गटाला संशोधक स्वतः शिकवतो आणि चाचणीही त्यानेच काढलेली असते. मग फरक पडला तो पद्धतीमुळे की शिकवणाऱ्याच्या उत्साहामुळे, हे सुटं करता येत नाही. शिकवलेलं किती लक्षात राहिलं ते पाहणारी, महिन्याभरानंतरची धारणाचाचणी क्वचितच घेतलेली दिसते, आणि शाळेला खरी गरज तिचीच असते.

‘टी-मूल्य सार्थ आहे’ या वाक्यावर थांबू नये. त्याचा अर्थ इतकाच, की दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा नसावा. दोन्ही गटांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ४ धरा. प्रत्येकी ४०० मुलं असतील तर सरासरीतला ०.६ गुणांचा फरकही सार्थ ठरतो (टी २.१२), पण ०.६ भागिले ४ म्हणजे परिणामाचं माप फक्त ०.१५. प्रत्येकी ४० मुलांत २.४ गुणांचा फरक आला तर तेच माप ०.६. टी दोन्हीकडे सार्थ, पण वर्गात जाणवेल असा फरक फक्त दुसऱ्या उदाहरणात. सरासरी आणि विचलन तक्त्यात असतं, भागाकार आपण करावा.

शोधगंगेची सगळ्यात खटकणारी उणीव मराठी मजकुराची आहे. बरेच जुने प्रबंध नुसते स्कॅन केलेले, तर काही युनिकोडपूर्व फॉन्टमधले. पहिल्यांत शब्द शोधताच येत नाही, दुसऱ्यांत मजकूर कॉपी केला की अगम्य अक्षरं उमटतात. हव्या त्या पानाचं चित्र गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडलं तर मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. जोडाक्षरं तपासावीत. तक्ते मात्र मोडतात, त्यांतले आकडे हातानेच टाइप करावेत आणि मूळ पानाशी दोनदा ताडावेत.