संडे स्कूलसाठी थँक्सगिविंगचं हस्तकला किट: साडेतीन तारे, आणि ते का

आमच्या ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं, की संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या वर्गाच्या, मुलांसाठी थँक्सगिविंगचं तयार किट घ्यावं का. (थँक्सगिविंग हा अमेरिकेतला नोव्हेंबरमधला आभाराचा सण, आणि टर्की पक्षी हे त्याचं ठरलेलं जेवण.) प्रत्येकीला वेगळा निरोप पाठवण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ऑनलाइन असे चार-पाच संच मिळतात आणि आतला माल जवळपास सारखाच असतो.

मी नॉर्थ कॅरोलिनात रॅले शहराजवळ राहते. माहेर आणि सासर दोन्ही नगर. इथल्या चर्चमध्ये बालवाडी ते तिसरी हा वर्ग माझ्याकडे असतो. मल्याळी, तेलुगू, कोरियन, गोरी, आफ्रिकन अमेरिकन, सगळी मुलं एकाच गोल गालिच्यावर बसतात. मराठी फक्त माझी दोन. त्यामुळे किट बघताना माझा पहिला प्रश्न असा, की हे सगळ्यांच्या हातून पाऊण तासात होईल का. त्यानंतर पालक यायला लागतात आणि एकही मूल जागेवर राहत नाही.

खोकं बारा मुलांसाठीचं, किंमत तीस डॉलरच्या आतबाहेर. त्यात सगळ्यात चांगलं काय असेल तर भिंतीवर टांगायचं फेल्टचं झाड. चांगलं जाड कापड, शिलाई पक्की, वर दोरी ओवलेली. पानं कार्डशीटची, लाल, पिवळी, तपकिरी, मागे वेल्क्रोचा ठिपका. झाड पुढच्या वर्षीही वापरता येतं, पानं तेवढी नवी कापायची. टर्कीचा प्रकार मात्र बेतास बात. मुलांनी हाताचा पंजा गिरवायचा, बोटांची पिसं करायची, अंगठ्याचं डोकं, आणि वर गरगरणारे डोळे चिकटवायचे. डोळ्यांमागचा गोंद इतका कच्चा, की घरी पोचेपर्यंत निम्मे टर्की आंधळे. सासूबाई नगरहून आल्या होत्या, त्यांनी धाकट्याचा टर्की हातात घेऊन विचारलं, “अगं, हा कोंबडा आहे का मोर?” तो म्हणाला, “आजी, हा थँक्यू आहे.” त्यावर त्या काय बोलणार!

रंगवायची चित्रं, बिंगो, वचनाची खूणपट्टी, हे सगळं ठीक. खूणपट्टीवर बायबलमधल्या पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्रातलं ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन आहे, अर्थात इंग्रजीत. लहान वचन असल्यामुळे पाठ पटकन होतं.

किटातला धडा लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातला, दहा कुष्ठरोग्यांचा: येशू दहाही जणांना बरं करतो, आभार मानायला परत येतो एकच. तो छान मांडलाय आणि नाट्य करून घ्यायला सोपा आहे. आम्ही दहा मुलांना टॉयलेट पेपरच्या पट्ट्या गुंडाळल्या, येशू झालेल्या मुलीनं ‘जा, याजकांना दाखवा’ म्हटलं, सगळे धावत सुटले, आणि परत फिरला एकटा शोमरोनी, म्हणजे त्यांच्यातला परका. मग पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी विचारलं, बाकीचे नऊ कुठे गेले? नवांपैकी एक पोरगा चिडूनच म्हणाला, “पण येशूनंच सांगितलं होतं ना याजकाकडे जायला! आम्ही त्याचं ऐकलं!” खरं आहे की. पुस्तिकेत याचं उत्तर नाही. मी त्याला म्हटलं, तू काही चुकीचं केलं नाहीस, तो एक जण मात्र ज्यानं बरं केलं त्याच्याकडे आधी गेला. पोराला पटलं की नाही सांगता येत नाही, पण त्यानं पट्ट्या सोडल्या आणि परत येऊन बसला.

माझी खरी तक्रार इथेच सुरू होते. धडा सांगतो, देणाऱ्याकडे वळा. आणि लगेच पुढच्या पानावर झाडाची कृती, जिथे प्रत्येक पानावर एकच रिकामी ओळ: मी अमुक गोष्टीसाठी आभारी आहे. कोणाचा, याला जागाच नाही. मुलांनी काय लिहिलं? पिझ्झा. आयपॅड. कुत्रा. पिझ्झा. मम्मी. डिस्ने. पिझ्झा. झाड भरलं, पालकांनी फोटो काढले, आणि वर्ग संपला. ही आवडत्या वस्तूंची यादी झाली. ती मुलं नाताळसाठीही करतात, तीही न सांगता.

दुसऱ्या वर्षी पानं मीच कापली आणि मुलांना पान उलटून मागे लिहायला लावलं: हे तुला कोणी दिलं, आणि त्यासाठी त्यानं काय केलं? इथे वेळ लागतो, बरं का. पिझ्झावाल्यानं आधी ‘दुकान’ लिहिलं. मग खोडलं. मग बराच वेळ पेन्सिल चावून लिहिलं, ‘बाबा, मम्मीची नाइट शिफ्ट असते तेव्हा.’ आयपॅडवाली अडकली. तिचा आयपॅड काकाचा जुना, कोचीहून आलेला, हे तिला तोवर आठवलंच नव्हतं. त्या दिवशी झाडावर पानं कमी लागली, पण तीन मुलांनी घरी जाऊन कोणाला तरी फोन केला हे मला पालकांकडून कळलं. आमच्या जवळच चॅपल हिलच्या विद्यापीठात मुलांमधल्या कृतज्ञतेवर एक संशोधन प्रकल्प झाला. त्यात कृतज्ञतेचे चार भाग मानतात: काय मिळालं ते लक्षात येणं, ते का मिळालं याचा विचार, त्यानं काय वाटलं, आणि मग आपण काय केलं. किट पहिल्या भागावरच थांबतं. तीस डॉलरला एवढंच मिळतं म्हणा.

पाच दाण्यांची कृती बऱ्याच चर्चमध्ये चालते. प्रत्येक ताटलीत मक्याचे पाच दाणे ठेवायचे, एकेक उचलून एकेक आभार मानायचे. सोबत गोष्ट अशी, की मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला वसलेल्या पिलग्रिम नावाच्या इंग्रज लोकांना एका हिवाळ्यात रोज माणशी पाचच दाणे मिळत होते. मुलांना ही गोष्ट आवडते, पण त्या काळी त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या मजकुरात ती कुठे येत नाही, ती नंतरच्या स्मरण-मेजवान्यांतून रूढ झाली. किटमध्ये मात्र ती इतिहास म्हणून छापली आहे. शिवाय दाण्यांऐवजी कँडी कॉर्नच्या, म्हणजे मक्याच्या दाण्यांसारख्या दिसणाऱ्या गोळ्यांच्या, पुड्या. दुसरा आभार मानायच्या आत ताटल्या रिकाम्या! कँडी कॉर्नमध्ये बहुधा जनावरांपासून केलेलं जिलेटिन असतं, तेव्हा शाकाहारी घरची मुलं असतील तर आधी विचारा. मी पुढे पॉपकॉर्नचे कच्चे दाणे वापरले. चार वर्षांखालच्यांना तेही देऊ नका, घशात अडकतात, आणि नाकातही जातात. त्यांना पिवळ्या कागदाचे गोल द्या.

इतिहासाच्या पुस्तिकेबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिच्यामुळेच एक तारा मी कापला. हे पिलग्रिम ज्यातून आले त्या १६२० च्या मेफ्लॉवर जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यात गेले. १६२१ च्या हंगामानंतर जी मेजवानी झाली ती तीन दिवस चालली, आणि तिथे वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचा सरदार मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला. त्यांनी पाच हरणं मारून आणली. मेजवानीचं हे वर्णन पिलग्रिमांपैकीच एका, एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. किटच्या पुस्तिकेत हे ‘इंडियन मित्र’ चित्राच्या कोपऱ्यात हात हलवत उभे. ज्या स्क्वांटोनं मका पेरताना मुळाशी मासा घालायला शिकवलं, त्याच्यासाठी एक ओळ, ‘देवानं मदतनीस पाठवला.’ त्याचं खरं नाव टिस्क्वांटम. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. तो कसाबसा परत आला, तेव्हा रोगराईनं त्याचं गाव पटक्सेट अख्खं संपलं होतं. प्लिमथ त्याच जागेवर वसलं. मी हे मुलांना सांगितलं, सोप्या शब्दांत. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, “मग त्याला थँक्यू कोणी म्हटलं?” आम्ही त्याच्या नावाचं एक पान झाडावर लावलं.

प्लिमथमध्येच १९७० पासून दर थँक्सगिविंगला आदिवासी लोक शोकदिन पाळतात. हे बालवाडीला सांगावं असं माझं म्हणणं नाही, पण शिकवणाऱ्याला माहीत असावं. आणि किटमधले कागदी पिसांचे मुकुट सरळ बाजूला ठेवा. आमच्या राज्यात लंबी या मूळ अमेरिकन जमातीची मोठी वस्ती आहे. वर्गात त्यांचं मूल असो वा नसो, कोणाचा पोशाख गंमत म्हणून मुलांच्या डोक्यावर चढवायचं काही कारण नाही. मी ती पिसं टर्कीला लावली. टर्की त्यामुळे सुधारला.

नगरला हंगामाच्या सणाला लोक बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी चर्चमध्ये अर्पण आणत. उपासनेनंतर त्याचा लिलाव. आमचे पाळकसाहेब स्वतः बोली लावायचे आणि पाव किलो शेंगदाणे शंभर रुपयांना जायचे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले ते बोस्टनच्या संस्थेकडून, म्हणजे प्लिमथच्याच राज्यातून. तरी तिथे मी टर्की नावालाही पाहिला नव्हता. जे शेतात होतं ते वेदीसमोर ठेवलं जायचं, एवढंच.

ते डोक्यात असल्यामुळे असेल, किटबाहेरची एक गोष्ट आम्ही केली आणि ती किटपेक्षा कितीतरी पटीनं जमली. अमेरिकेतली सगळ्यात जास्त रताळी नॉर्थ कॅरोलिनात पिकतात. काढणी झाल्यावर फार मोठी, फार बारकी, वाकडी रताळी शेतातच राहतात, कारण बाजारात ती चालत नाहीत. सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू नावाची संस्था असा सरवा स्वयंसेवकांकडून वेचून घेते आणि फूड बँकांकडे पोचवते. आम्ही पालकांसकट एका शनिवारी गेलो. शेतातला सरवा वेचणाऱ्या रूथची बायबलमधली गोष्ट मुलांना आदल्या रविवारी सांगितलेली होती, लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला ‘शेताचा कोपरा सोडा’ हा नियमही. ओल्या मातीत हात घातल्यावर मात्र गोष्टीची आठवण कोणालाच राहिली नाही, फक्त कोणाचं रताळं किती मोठं याची स्पर्धा. एकाला डोक्याएवढं सापडलं. शेवटी शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून आला, तेव्हा मुलं त्याच्याभोवती जमली आणि कोणी न सांगता विचारायला लागली, हे कधी लावलं, पाणी कोण घालतं, उरलेलं तुम्ही का नाही विकत. पुढच्या रविवारी किटमधली उरलेली कार्डं त्याच्यासाठी वापरली. त्यावर लिहायला कोणालाही रिकामी ओळ द्यावी लागली नाही.

तर घ्यावं का? मोठा वर्ग असेल, वेळ कमी असेल, तर जरूर घ्या. झाड आणि दहा कुष्ठरोग्यांचा धडा पैसे वसूल करतात. पानं मागून कोरी आहेत ना, हे आधी पाहा, काही संचांत मागे चित्र छापलेलं असतं. इतिहासाची पुस्तिका आधी स्वतः वाचा, मग वाटा. टर्कीच्या डोळ्यांसाठी वेगळे ग्लू डॉट्स आणा. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मागवा, नोव्हेंबर उजाडला की किंमत वर जाते आणि खोकं थँक्सगिविंग उलटल्यावर पोचतं. आणि वर्गात सहा-सातच मुलं असतील तर अख्खं किट नको. फेल्टचं झाड सुटंही मिळतं, दहा-बारा डॉलरला. पानं घरी कापा.