मांडवीवरच्या टेबलांवर नाल किती? कॅसिनोतल्या खेळांची तुलना

"गोव्याला चाललोय, कॅसिनोत कुठल्या टेबलावर बसू?" दर डिसेंबरात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, कारण मी संख्याशास्त्र शिकवतो. जाऊ नकोस एवढं सांगून मी मोकळा होऊ शकतो. पण ज्याचं बुकिंग झालंय तो जाणारच. मग त्याने निदान हिशोब डोक्यात ठेवून जावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा आढावा.

आधी एक शब्द. गावाकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर जागेचा मालक डावातून आपला वाटा काढून घेतो, त्याला नाल म्हणतात. ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघते. कॅसिनोतही नाल असतेच, फक्त तिथे ती काढताना दिसत नाही. जिंकणाऱ्याला जेवढे मिळायला हवेत त्याहून थोडे कमी दिले जातात, आणि तो फरक घरात, म्हणजे कॅसिनोकडे, राहतो. लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी किती रुपये असे घरात राहतात, त्यावरून खेळांची तुलना करायची.

रुलेटवर हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. चाकावर १ ते ३६ आकडे आणि एक शून्य, म्हणजे ३७ घरं. एका आकड्यावर पैसे लावून तो आला तर ३५ पट मिळतात आणि लावलेली चिप परत येते. शून्य नसतं तर हा भाव बरोबर होता. ते एक हिरवं घर म्हणजेच नाल: १ भागिले ३७, अर्थात २.७० टक्के. अमेरिकन चाकावर शून्याशेजारी दुहेरी शून्य असतं. घरं ३८ होतात, भाव तोच राहतो, आणि नाल एकदम ५.२६ टक्क्यांवर जाते. लाल-काळा, सम-विषम, बारांचा गट, जवळजवळ काहीही लावा, टक्केवारी तीच. त्यामुळे रुलेटला निर्णय एकच आहे, आणि तो बसण्याआधी घ्यायचा: चाकावरची हिरवी घरं मोजायची. दोन दिसली तर त्या टेबलावर बसूच नये.

बॅकरॅटची गोष्ट वेगळी, आणि मला तिथेच जास्त वेळ थांबायचंय. लोक "कुठला खेळ" विचारतात, पण खरा फरक एकाच टेबलावरच्या दोन चौकोनांत असतो. बॅकरॅटमध्ये खेळणाऱ्याला पानांबद्दल काहीच ठरवायचं नसतं. प्लेअर आणि बँकर ही टेबलावर वाटल्या जाणाऱ्या दोन हातांची नावं, टाय म्हणजे बरोबरी; यांपैकी कुठे चिप ठेवायची एवढंच. पत्त्यांचे आठ जोड वापरणाऱ्या खेळात साधारण ४५.८६ टक्के डाव बँकर जिंकतो, ४४.६२ टक्के प्लेअर, आणि ९.५२ टक्के डाव बरोबरीत सुटतात. बँकरचं पारडं थोडं जड असतं, कारण त्याचं तिसरं पान प्लेअरचं पान पाहून ठरतं. म्हणून बँकरच्या जिंकण्यातून ५ टक्के कमिशन कापतात. ते कापूनही बँकरवर नाल १.०६ टक्के आणि प्लेअरवर १.२४ टक्के. काही शिकावं न लागता इतकी कमी नाल दुसरीकडे सापडणं अवघड.

आता त्याच टेबलावर, वीतभर अंतरावरचा टायचा चौकोन बघा. बरोबरी झाली तर आठ पट. वाचायला छान वाटतं. पण बरोबरी दहातल्या एखाद्याच डावात होते, आणि या चौकोनाची नाल १४.३६ टक्के आहे. तेच टेबल, तीच पानं, तोच डीलर, आणि चिप थोडी सरकवली की घराचा वाटा तेरा-चौदा पट. ज्यांनी रात्रभर बँकरवर संयमाने लावलं, तेच उठायच्या आधी टायवर मोठी रक्कम ठेवतात. त्या शेवटच्या दोन-तीन चिपांची नाल आधीच्या सगळ्या तासांना भारी पडू शकते. काही टेबलांवर "नो कमिशन" लिहिलेलं असतं. तिथे बँकर सहा गुणांवर जिंकला तर निम्मेच पैसे देतात, त्यामुळे नाल १.४६ टक्के होते. कमिशन कापणारं टेबल त्याहून स्वस्त.

ब्लॅकजॅकमध्ये पानांची बेरीज २१ च्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करायची असते, आणि नाल तुमच्या वागण्यावर अवलंबून असते. नियम सौम्य असतील आणि कुठल्या पानांवर थांबायचं, कुठे पान मागायचं हा तक्ता पाठ असेल, तर ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. मनाला येईल तसं खेळलं तर दोन टक्के किंवा त्याहून वर. तक्त्यातल्या काही गोष्टी मनाला पटत नाहीत, म्हणूनच तो पाठ करावा लागतो. डीलरचं उघडं पान ५ किंवा ६ असेल तर तुम्ही १२ वरही थांबायचं. डीलरचं १० असेल तर १६ वरही पान मागायचं. दोन्हीकडे आतून भीती वाटते, आणि भीती ऐकणाऱ्यांवरच या टेबलाची कमाई चालते.

टेबलावर छापलेला भाव मात्र आधी वाचा. ब्लॅकजॅक लागला, म्हणजे पहिल्या दोनच पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान आलं, की "३ ला २" देणारं टेबल आणि "६ ला ५" देणारं टेबल दिसायला सारखंच असतं. ₹५०० च्या डावावर पहिलं ₹७५० देतं, दुसरं ₹६००. साधारण २१ डावांत एकदा ब्लॅकजॅक लागतो, त्यामुळे या एका ओळीने नाल जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढते. मेहनतीने पाठ केलेला तक्ता तिथे वाया जातो. डीलरचा एक्का दिसला की "इन्शुरन्स" विचारतात. त्या पैजेवर नाल सुमारे साडेसात टक्के आहे. नाव विम्याचं असलं तरी ती वेगळी पैज आहे, नको म्हणा.

आता आपल्या घरचे खेळ. अंदर-बाहर कुणाला शिकवावा लागत नाही. जत्रेत, लग्नघरी, दिवाळीच्या रात्री तो पाहिलेला असतो, कुठे मांगपत्ता म्हणूनही ओळखतात. मधे एक पान उघडायचं, मग आळीपाळीने दोन बाजूंना पानं टाकत जायचं. त्याच किमतीचं पान जिकडे पडेल ती बाजू जिंकली. पन्नास-पन्नास वाटतं, पण तसं नाही. ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती ५१.५ टक्के वेळा जिंकते, कारण तिची पाळी दरवेळी एक पाऊल पुढे असते. पहिलं पान अंदरला टाकत असतील आणि दोन्हीकडे सारखाच भाव दिला, तर घराला नाल मिळण्याऐवजी अंदरवाल्यालाच तीन टक्क्यांचा फायदा होईल. म्हणून कॅसिनोत अंदरला शंभरावर ९० च देतात. तिथे नाल २.१५ टक्के, आणि पूर्ण भाव देणाऱ्या बाहरवर ३ टक्के. म्हणजे कमी भाव देणारी बाजूच खेळणाऱ्याला स्वस्त पडते! प्रत्येक ठिकाणी नियम थोडे बदलतात. तेव्हा पहिलं पान कुठे पडतं आणि त्या बाजूला भाव किती, हे दोनच प्रश्न डीलरला विचारा.

तीन पत्तीच्या बाबतीत मात्र ओळख घात करते. घरच्या तीन पत्तीत ब्लाइंड, चाल, समोरच्याचा चेहरा, सगळं असतं, आणि पैसे खेळणाऱ्यांमध्येच फिरतात. कॅसिनोत डीलरविरुद्धचा जो प्रकार सर्रास असतो, त्यात चेहरा वाचायला कुणी नाही. आधी पैसे लावायचे, पानं बघायची, मग तेवढेच पुन्हा लावायचे किंवा पानं टाकायची. डीलरकडे निदान राणी नसेल तर दुसरी रक्कम तशीच परत मिळते. इथे राणी-६-४ किंवा त्याहून चांगली पानं असतील तरच पुढे जायचं. एवढा एक नियम पाळला तर नाल पहिल्या रकमेच्या ३.३७ टक्के. पेअर किंवा त्याहून चांगलं लागलं तर देणारा शेजारचा चौकोन मात्र जपून. कलरला ४ पट देणाऱ्या तक्त्यात त्याची नाल २.३२ टक्के आहे, ३ पट देणाऱ्यात ७.२८ टक्के. कलर येण्याची शक्यताच ४.९६ टक्के आहे, त्यामुळे तिथला एक पट कापला की नाल बरोबर तेवढीच वाढते. इतका मोठा फरक छापील तक्त्यातल्या एका आकड्यात असतो, आणि तो कुणी वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

ड्रॅगन-टायगर थोडक्यात: दोन पानं, मोठं जिंकतं, बरोबरी झाली तर निम्मे पैसे जातात. नाल ३.७३ टक्के. आठ पट देणाऱ्या टायवर ३२.७७ टक्के. ज्या मटक्याला आपण लुटारू म्हणतो, तिथे एका आकड्याला दहाचे नव्वद हा भाव धरला तर नाल १० टक्के होते. दिव्यांच्या झगमगाटातला हा चौकोन त्याच्या तिप्पट घेतो.

स्लॉट मशिनांची, म्हणजे बटण दाबून खेळायच्या यंत्रांची, नाल कुठेच लिहिलेली नसते, ती आतल्या प्रोग्रॅममध्ये असते. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात निदान ७५ टक्के परतावा असलाच पाहिजे असा नियम आहे, म्हणजे तिथेही २५ टक्क्यांपर्यंत नाल कायद्याला चालते. गोव्यात मशीन मिळणार की टेबल, हे जागेवर ठरतं. तिथल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये बदल होऊन पंचतारांकित हॉटेलांत मशिनांना परवानगी मिळाली, आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांवर टेबलांना. म्हणून डीलरच्या हातची पानं खेळायची असतील तर मांडवी नदीतली बोट, आणि हॉटेलात यंत्रं, असा ढोबळ भेद. महाराष्ट्राने १९७६ चा आपला कॅसिनो कायदा कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्दच केला. त्यामुळे आपल्या माणसांची वाट गोव्याकडेच वळते.

आता टक्केवारीइतकीच महत्त्वाची गोष्ट: वेग. दर डावाला ₹५०० लावले आणि वेग माझ्या अंदाजाचा धरला, तर तासाचा सरासरी खर्च असा येतो.

| पैज | नाल (टक्के) | तासाला डाव | तासाचा खर्च |
|---|---|---|---|
| ब्लॅकजॅक ३ ला २, तक्ता पाठ | ०.५ | ६० | ₹१५० |
| बॅकरॅट, बँकर | १.०६ | ७० | ₹३७१ |
| अंदर, ९० टक्के भाव | २.१५ | ४० | ₹४३० |
| रुलेट, एक शून्य | २.७० | ४० | ₹५४० |
| ब्लॅकजॅक, मनाने | २ | ६० | ₹६०० |
| रुलेट, दोन शून्यं | ५.२६ | ४० | ₹१,०५२ |
| ड्रॅगन-टायगर | ३.७३ | १०० | ₹१,८६५ |
| बॅकरॅट, टाय | १४.३६ | ७० | ₹५,०२६ |

ड्रॅगन-टायगरची नाल दोन शून्यांच्या रुलेटपेक्षा कमी आहे, पण डाव भराभर होतात म्हणून खिसा जास्त रिकामा होतो. मशीनचंही तसंच. ₹१० चं बटण तासाला ६०० वेळा दाबलं तर ₹६,००० लावून होतात, आणि ८ टक्के नाल धरली तर ₹४८० गेले. दहा रुपयांचा खेळ पाचशेच्या बॅकरॅटपेक्षा महाग पडला.

हे आकडे वाचून कुणी म्हणेल, मी तर गेल्या वेळी तीन हजार जिंकून आलो. आले असाल. लाल-काळ्यावर ₹५०० लावत चाळीस फेऱ्या खेळलं तर तीन हजार वर किंवा तीन हजार खाली असणं अगदी नेहमीचं आहे. ₹५४० ची नाल त्या हेलकाव्याखाली झाकली जाते, म्हणून ती एका रात्रीत जाणवत नाही. पण डाव वाढत जातात तसा हेलकावा संथपणे वाढतो आणि नाल डावांच्या प्रमाणात, सरळ. हरलं की दुप्पट लावायची पद्धतही यातून सुटत नाही. ₹५०० पासून सुरू करून सलग सात वेळा हरलात तर ₹६३,५०० गेलेले असतात, आणि एक शून्याच्या चाकावर सुरुवातीपासूनच असं होण्याची शक्यता शंभरात जवळजवळ एक आहे.

प्रवेशाच्या पैशांत कधी कधी एकदाच खेळता येणाऱ्या चिपा मिळतात, ज्या रोख होत नाहीत. जिंकलात तरी चिप परत घेत असतील, तर ती लाल-काळ्यावर लावून तिची किंमत निम्म्याहूनही कमी होते, आणि एका आकड्यावर लावून सुमारे ९५ टक्के राहते. नियम परवानगी देत असतील तर अशा चिपा एका आकड्यावरच ठेवा. आपल्या रोख चिपांना हा हिशोब लागू नाही.

मी स्वतः कुणाला काय सांगतो? तक्ता पाठ करायची तयारी असेल तर "३ ला २" चं ब्लॅकजॅक. नसेल तर बॅकरॅटचा बँकर, टायकडे न बघता. चार मित्रांसोबत हसत-बोलत बसायचं असेल तर अंदर-बाहर किंवा एक शून्याचं रुलेट, कारण तिथे डावांमध्ये वेळ जातो. आणि गेल्या खेपेचे पैसे भरून काढायला निघालेल्या माणसाला मी कुठलंच टेबल सुचवत नाही. त्याला १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक देतो. तिथे मराठीत बोलता येतं.

बसण्याआधी काउंटरवर एक प्रश्न मात्र सगळ्यांनी विचारावा. कॅसिनोतल्या चिपांच्या खरेदीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. तो तुमच्या रकमेतून काढला जात असेल तर ₹१०,००० देऊन ₹७,१४३ च्याच चिपा हातात येतात. उरलेले ₹२,८५७ म्हणजे बँकरवर ₹५०० लावत साडेसात तासांहून जास्त खेळण्याची नाल, आणि ती पहिलं पान पडण्याआधीच गेलेली असते.