शिडाच्या बोटीवर फेब्रुवारी ते मे : राहून, काम करून आलेला अनुभव (लांबलंय, चहा घेऊन बसा)

आधी बोट सांगतो. ३४ फुटी, फायबरची, सेकंडहँड, एक डोलकाठी, मेनसेल (मुख्य शीड) आणि गुंडाळता येणारा जेनोआ (पुढचं मोठं शीड), आत छोटं डिझेल इंजिन, टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) चालणारी. मालक मुंबईतले, बोट गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधलेली), आणि मी फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत तिच्यावर कामालाही आणि राहायलाही. विकेंडला पाहुण्यांच्या संध्याकाळच्या फेऱ्या, मधेच मालकांना अलिबागजवळच्या मांडव्याला सोडणं, एप्रिलमध्ये गोवा आणि परत, उरलेल्या वेळात घासणं-पुसणं-दुरुस्ती. सोबतीला अलिबागकडचे एक जुने खलाशी, त्यांना सगळे काकाच म्हणतात. अशी बोट घेऊ का, असं काम धरू का, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सेलिंगला पैकीच्या पैकी मार्क. मुंबईत या दिवसांत वारा जवळजवळ घड्याळ लावल्यासारखा येतो, सकाळी पाणी सपाट, बारा-एकनंतर वायव्येचा खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारपर्यंत १२-१५ नॉट (ताशी सागरी मैल) सहज. गेटवे ते मांडवा साडेसात-आठ सागरी मैल, वारा पाठीमागून, पाहुणे खूश. परत येताना तोच वारा तोंडावर, मग टॅक मारत (वाऱ्याला तिरकं, नागमोडी) या, अंगावर पाणी घ्या, आणि कोणाला तरी उलटी होणारच. आल्याची वडी वगैरे सगळे सांगतात, माझ्या मते माणसाला टिलर हातात देऊन क्षितिजाकडे बघायला लावणं हेच खरं औषध. लाइफ जॅकेटवरून आता फार कोणी वाद घालत नाही, डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटची धडक बसून जे झालं ते लोकांच्या डोक्यात आहे.

आता राहण्याचं. मार्चच्या मध्यापर्यंत मस्त, त्यानंतर मार्क धडाधड कमी होतात. फायबरचा डेक दिवसभर तापतो आणि रात्री ती सगळी उष्णता आत सोडतो, मुरिंगवर मध्यरात्रीनंतर वारा पडला की केबिनमध्ये झोपणं अशक्य. मी एप्रिल-मे जवळजवळ पूर्ण कॉकपिटमध्ये (मागच्या उघड्या बैठकीत) झोपलो, बूमवरून (मेनसेलच्या आडव्या दांड्यावरून) ताडपत्री टाकून. पुढच्या हॅचवर (डेकवरच्या झडपेवर) वारा आत ओढणारा कापडी विंडस्कूप बसवला, तो स्वस्तात शिवून मिळतो आणि अख्ख्या बोटीवरची सगळ्यात पैसे वसूल वस्तू तीच आहे, घ्याच.

टॉयलेट. कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. हातपंपाचं मरीन टॉयलेट, नियम एकच, जे आधी तोंडातून पोटात गेलेलं नाही ते त्यात टाकायचं नाही, टिश्यू पेपरसुद्धा नाही. पाहुण्यांना कितीही समजवा, वाइप्स टाकणारच. मग पंप खोलायचा कोणी, तर मी. खाऱ्या पाण्याने पाइपात आतून चुन्यासारखा थर बसत जातो, आठवड्यातून एकदा व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवलं तर पंप हलका राहतो. आणि काम झालं की सीकॉक (तळातल्या पाइपाचा व्हॉल्व्ह) बंद, म्हणजे बंद. तळातून पाइप फुटून बुडालेल्या बोटींच्या गोष्टी ऐकल्यात ना, त्या अशाच सुरू होतात.

विजेचं गणित हा माझा आवडता विषय, बायको फोनवर म्हणायची तू हल्ली नुसतं अँपिअरमध्ये बोलतोस. बोटीवरच्या रोजच्या वापरासाठी म्हणून १०० अँपिअर-तासाच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, त्यातली निम्मीच वापरायची नाहीतर लवकर मरतात. म्हणजे हातात खरे १००. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना ४-५ अँपिअर खातो आणि मे महिन्यात तो बंदच होत नाही. ऑटोपायलट, दिवे, पंखा, जीपीएस, फोन चार्जिंग हे सगळं मिळून फ्रिजपेक्षा कमी! १०० वॉटचं सोलर पॅनेल चांगलं आहे, पण बूमची सावली पडली की निम्मं. शेवटी फ्रिज बंद केला आणि ससून डॉकवरून बर्फाची लादी आणून त्यातच भरायला लागलो, दोन दिवस आरामात टिकते. एवढ्या महागाच्या फ्रिजचा शेवटी बर्फाचा डबा झाला. काका पहिल्या दिवसापासून सांगत होते, "अरे बरफ आण, त्या पेटीचा नाद सोड."

पाणी २०० लिटरची टाकी, पिण्याचे जार वेगळे, डिंगीतून (छोट्या होडीतून) आणायचे. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती-ओहोटीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो, त्यामुळे ओहोटीला धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरत २० लिटरचा जार डिंगीत ठेवणं ही कसरत. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) तेच काम सोपं, म्हणून जड सामान मी तिथी बघून आणायला लागलो, कॅलेंडर खरंच उपयोगी पडतं. स्वयंपाकाला प्रेशर कुकर सोडून काही नको, झाकण लॉक होतं, बोट कितीही कलली तरी भात भांड्यातच राहतो. पाडव्याला बोटहुकवर गुढी उभारली होती, मालकिणीने साडी पाठवली, तासाभरात वारा वाढायला लागला तशी उतरवून ठेवली कारण साडी पैठणी होती.

आता गोवा. या बोटीबद्दल खरं काय ते मला इथेच कळलं. मुंबई ते पणजी साधारण सव्वादोनशे सागरी मैल. जाताना वायव्येचा वारा मागून-तिरका, बोट पाच-सहा नॉटने आपोआप चालते, दोन दिवसांत पणजीच्या मांडवी नदीत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग एकामागून एक डाव्या हाताला. २०२५ मध्ये हे चारही युनेस्कोच्या यादीत गेले, पण समुद्रातून बघितल्याशिवाय ते तिथेच का बांधले हे लक्षात येत नाही, प्रत्येकाच्या आसपास नांगर टाकायला आडोसा आहे. याच किनाऱ्यावरून कमांडर दिलीप दोंदे २००९ मध्ये म्हादेई ही शिडाची बोट घेऊन एकटे जगप्रदक्षिणेला निघाले होते आणि २०१० मध्ये मुंबईत परत आले, आणि मी इथे पणजीला पोचून फोटो टाकतोय.

येताना मात्र सगळं उलटं. तोच वारा तोंडावर, लाटा आखूड आणि उभ्या, बोट दर तिसऱ्या लाटेवर आपटते आणि वेग तीनवर. अशी बोट वाऱ्याला ४५-५० अंशांपेक्षा जवळ जात नाही, त्यामुळे टॅक मारत गेलं की अंतर दीडपट होऊ शकतं. त्यात एक गंमत अशी की किनारा सरळ उत्तरेला न जाता जरा पश्चिमेकडे झुकलेला आहे, म्हणून पोर्ट टॅक (वारा डाव्या बाजूने घेऊन जाणं) लांबलचक आणि फायद्याचा, दुसरा टॅक फक्त किनाऱ्यापासून बाहेर निघायला. दुपारी वारा थोडा पश्चिमेकडे सरकला की पोर्ट टॅकवर जवळजवळ मुंबईचीच दिशा मिळते. पण म्हणजे तासन् तास बोट उजवीकडे कललेली, उजव्या बाकावर झोप मस्त, डाव्यावरचा माणूस खाली पडणार.

काकांची पद्धत वेगळी आणि बरोबर. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो तेव्हा निघायचं, किनाऱ्याला धरून, तो पडला की इंजिन, आणि दुपारी खारा वारा चढायच्या आत खाडीत शिरून नांगर. विजयदुर्ग, जयगड, दिघी असं. वेळ जास्त लागतो पण बोट आणि माणसं दोन्ही धड राहतात. घाई असणाऱ्या मालकांना हे पटत नाही, आमचे मालक तर रत्नागिरीहून ट्रेननेच गेले.

रात्रीची एकच भीती, जाळी. मच्छीमारांच्या बोटी दिसतात, पण मैल-मैल पसरलेली तरंगती जाळी दिसत नाहीत, टोकाला एखादा लुकलुकणारा एलईडी असला तर नशीब. एआयएसवर (आसपासच्या बोटी दाखवणाऱ्या यंत्रणेवर) त्यातलं काही येत नाही. इंजिनाच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं अडकलं की इंजिन लगेच बंद करायचं आणि पाण्यात उतरायचं, त्यासाठी दातेरी सुरी आणि मास्क कायम कॉकपिटमध्ये.

मुंबईच्या कोमट पाण्यात बोटीच्या बुडाला शंख-शिंपले फार पटकन चिकटतात, पंख्यावर तर आधी. डायव्हर बोलावून खरवडून घेतलं की वेगातला फरक लगेच जाणवतो. हा खर्च बोट घेताना कोणी सांगत नाही, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी क्रेनने वर काढायचा, अँटीफाउलिंगचा (शिंपले न चिकटू देणाऱ्या रंगाचा), शेडचा तर अजिबातच नाही. मेच्या शेवटी गेटवे-मांडवा लाँच बंद होतात त्याआधी आपली बोट जमिनीवर असलेली बरी, क्रेनवाल्याची तारीख मार्चमध्येच घेऊन ठेवा, नंतर मिळत नाही.

एकूण पाचपैकी साडेतीन. एक मार्क उकाड्याचा कापला, अर्धा फ्रिजचा. फक्त संध्याकाळी शीड लावायची हौस असेल तर बोट घेऊ नका, भाड्याने जा. ज्यांना पंप खोलायला आवडतो त्यांनी खुशाल घ्या. मला मालकांनी ऑक्टोबरपासून परत बोलावलंय, मी हो म्हटलंय, फक्त फ्रिजच्या जागी तिसरी बॅटरी बसवायची या अटीवर, आणि ते अजून कोटेशनच मागतायत.