मिडाझोलॅमचा नाकातला फवारा : वापरानंतरचा अभिप्राय
अपस्माराचा झटका 5 मिनिटांपलीकडे लांबला, की तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते; म्हणून डॉक्टरांनी आमच्या 20 किलो वजनाच्या मुलीसाठी हा फवारा लिहून दिला. गुदद्वारातून डायझेपाम (झटका थांबवणारे दुसरे औषध) देणे शाळेत अवघडच. त्या मानाने तिला कुशीवर वळवून नाकपुडीत फवारणे तिच्या बाईंनाही जमले आणि झटका काही मिनिटांत ओसरला. तक्रार एकच, पण मोठी आहे. एका दाबात औषध जेमतेम 0.5 मिलिग्रॅम येते, त्यामुळे तिला दिलेल्या 4 मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी दोन्ही नाकपुड्यांत मिळून आठ वेळा दाबावे लागते आणि थरथरत्या हातांनी मोजणी चुकते. या औषधाने श्वास मंदावण्याची भीती असतेच, म्हणून 108 ला फोन आम्ही तरीही केला.