पहिला परफ्यूम घेताना: ताजा, फुलांचा, लाकडी की अंबर?

परफ्यूमची बाटली खपते ती पहिल्या दहा मिनिटांच्या वासावर. अंगावर दिवसभर राहतो तो वास मात्र वेगळाच असतो. काउंटरवर लिंबू-संत्र्याचा टवटवीत फवारा आवडला म्हणून घेतलेली बाटली दुपारपर्यंत गोड व्हॅनिलावर येते आणि मग ती कपाटात पडून राहते. म्हणून आधी कुळ ठरवावं, ब्रँड नंतर.

जगभरात सर्वाधिक वापरलं जाणारं वर्गीकरण परफ्यूमचे अभ्यासक मायकेल एडवर्ड्स यांचं. त्यांनी सगळे वास एका चक्रावर मांडले आणि त्याचे चार मोठे भाग केले: ताजे, फुलांचे, अंबर आणि लाकडी. शेजारचे भाग एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ‘फुलांचा-अंबर’ किंवा ‘लाकडी-ताजा’ असे मधले प्रकारही होतात. अंबरला पूर्वी ‘ओरिएंटल’ म्हणत. जुन्या खोक्यांवर आणि बऱ्याच दुकानदारांच्या तोंडी अजून तेच नाव आहे, कुळ एकच.

ताजा की लाकडी: रोजच्या वापराचा खरा प्रश्न

पहिली बाटली घेणाऱ्या बहुतेकांची निवड या दोन कुळांत अडकते, म्हणून आधी यांचंच पाहू.

ताज्या कुळात लिंबूवर्गीय, हिरवे, सुगंधी पाल्याचे आणि ‘पाण्याचे’ वास येतात. लिंबूवर्गीय वास सगळ्यांत जुने. फारिना कुटुंबाने 1709 मध्ये कोलोन शहरात धंदा सुरू केला आणि योहान मारिया फारिनाच्या सुगंधी पाण्याला त्या शहराचंच नाव पडलं. या वासांचा गुण आणि दोष एकच: लिमोनीनसारखे त्यांचे रेणू हलके असतात आणि झटकन उडतात. शुद्ध लिंबूवर्गीय परफ्यूमचा खरा बहर पंधरा-वीस मिनिटांचा, अंगावर टिकणं फार तर दोन-तीन तास. मुंबई-कोकणच्या घामट हवेत त्याहूनही कमी.

‘पाण्याचा’ वास प्रयोगशाळेतला आहे. कॅलोन नावाचा रेणू 1966 मध्ये सापडला. त्याचा वास समुद्राच्या वाऱ्याची आठवण देतो, पण जवळून हुंगला तर कलिंगडाच्या पांढऱ्या सालीसारखा लागतो. 1988 चा ‘कूल वॉटर’ डायहायड्रोमिर्सेनॉल या दुसऱ्या रेणूवर उभा होता. पुढे हाच रेणू डिओडरंट, शॉवर जेल आणि कपड्यांच्या साबणात इतका वापरला गेला की या प्रकारचा कुठलाही परफ्यूम आज ‘नुकतीच अंघोळ केल्यासारखा’ वाटतो. ऑफिसात, लोकलच्या गर्दीत, दवाखान्यात कोणाला खटकणार नाही असा वास हवा असेल तर हा गुणच. स्वतःची ओळख सांगणारा वास हवा असेल तर मात्र इथे वेळ घालवू नका.

लाकडी कुळात देवदार, चंदन, वाळा आणि पॅचुली (गजऱ्यात दवणा-मरव्याबरोबर घालतात ती पाच याच जातकुळीची). यांचे रेणू जड असतात, त्यामुळे सहा ते आठ तास टिकणं सहज. दोष असा की सुरुवातीला ते कोरडे, कधी पेन्सिल छिलल्यासारखे वाटतात आणि काउंटरवर मन जिंकत नाहीत. देवदाराच्या वासाबाबत ही तक्रार हमखास येते. ती अर्ध्या तासात ओसरते.

या दोहोंमधला पूल म्हणजे वाळा. माठात टाकलेल्या किंवा उन्हाळी पडद्यावर पाणी शिंपडल्यावर येणाऱ्या वाळ्याचा वास आपल्या नाकाला ओळखीचा आहेच: मातकट, किंचित धुरकट, तरी थंड. म्हणजे ताज्या वासाचा थंडावाही मिळतो आणि लाकडी वासाचा टिकाऊपणाही. गेर्लां या फ्रेंच कंपनीचा ‘व्हेतिव्हर’ 1959 पासून बाजारात आहे आणि ‘तेर द’अर्मेस’ 2006 पासून. यातला दुसरा अंगावर कसा उलगडतो ते पाहा. पहिली दहा मिनिटं संत्रं आणि ग्रेपफ्रूट, किंचित कडवट. अर्ध्या तासात फळ मागे सरतं आणि मिरी व गारगोटी घासल्यासारखा खनिज वास पुढे येतो. दोन तासांनी उरतात देवदार आणि वाळा, आणि ते संध्याकाळपर्यंत कातडीलगत राहतात. नवशिक्याला टॉप, हार्ट आणि बेस (सुरुवातीचा, मधला आणि तळाचा वास) या तीन पायऱ्या नाकाने समजून घ्यायच्या असतील तर याहून सोपा धडा मिळणं कठीण.

आपल्या हवेसाठी पहिली बाटली एकच घ्यायची असेल तर आमचं मत लिंबू-वाळा या लाकडी-ताज्या प्रकाराला. स्त्री-पुरुष हा भेद खोक्यावरचा आहे, वाळ्याला तो ठाऊक नाही.

लिंबूवर्गीय वासाबद्दल एक सावधगिरी. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या आणि लिंबाच्या सालीच्या तेलात बर्गाप्टेन हे द्रव्य असतं. ते कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर काळे डाग पडू शकतात. मोठ्या कंपन्या हे द्रव्य काढून टाकलेलं तेल वापरतात किंवा प्रमाण मर्यादित ठेवतात. घरी इसेन्शियल तेलं मिसळून ‘नैसर्गिक’ परफ्यूम करणाऱ्यांनी ते मानेवर लावून उन्हात जाऊ नये, कपड्यावर लावावं.

फुलांचं कुळ: मोगरा हवा होता, हे काय मिळालं?

सगळ्यांत मोठं कुळ हेच, आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त अपेक्षाभंगही इथेच होतो. कारण मोगरा, जाई, निशिगंध, सोनचाफा यांचे खरे वास आपण लहानपणापासून जवळून घेतलेले असतात.

ताज्या मोगऱ्यात इंडोल नावाचं द्रव्य असतं. थोडं असलं की फुलाला जिवंतपणा येतो, जास्त झालं की डांबराच्या गोळ्यांसारखा, कुबट वास येतो. रात्री सुंदर वाटणारा गजरा सकाळी उशाशी नकोसा का होतो, याचं एक कारण हेच. परफ्यूम बनवणाऱ्याला इंडोल किती ठेवायचं ते ठरवावं लागतं. जे परफ्यूम इंडोल जवळजवळ काढून टाकतात ते स्वच्छ, साबणासारखे लागतात: ऑफिसला उत्तम, पण ‘हा मोगरा नव्हेच’ असं वाटतं. जे ठेवतात ते खऱ्या फुलाच्या जवळ जातात, आणि बंद गाडीत शेजाऱ्याचं डोकं उठवतात. निशिगंधाचंही असंच. 1948 चा ‘फ्राका’ आणि 1985 चा ‘पॉयझन’ हे दोन्ही निशिगंधावर उभे असलेले दांडगे परफ्यूम. लिफ्टमधून तुम्ही उतरलात तरी वास आतच राहतो.

म्हणून फुलांच्या कुळात दुकानदाराला नेमकं विचारा: पांढरी फुलं (मोगरा, जाई, निशिगंध) की गुलाब-पिओनी? एकच फूल की गुच्छ? पांढरी फुलं जड असतात, ती लग्नसमारंभाला, संध्याकाळी, दोनच फवारे. गुलाब-पिओनी हलके आणि रोज चालतील असे, साधारण चार-पाच तासांचे. ‘शनेल नं. 5’ (1921) गुच्छच आहे, पण त्यातल्या अल्डिहाइड या कृत्रिम द्रव्यांमुळे पहिल्या झटक्याला इस्त्री केलेल्या कपड्यांचा, साबणाचा वास येतो. नवशिक्याला तो ‘जुन्या बायकांचा’ वाटतो. नाव मोठं म्हणून न हुंगता घेऊ नये.

अगदी फुलाशी इमान राखणारा वास हवा असेल तर स्प्रेपेक्षा अत्तर बघा. कनौजला आजही तांब्याच्या डेगमध्ये (मोठ्या हंड्यात) फुलं आणि पाणी उकळून वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात (ती थंड होऊन साठते त्या भांड्यात) उतरवतात. भपक्यात परंपरेने चंदनाचं तेल असतं आणि ते फुलाचा वास धरून ठेवतं. चंदन महागल्यापासून स्वस्त अत्तरांत त्याऐवजी बिनवासाचं द्रव घालतात. ते अत्तर पहिल्या तासात फुललेलं वाटतं आणि मग सपाट होतं. अस्सलाचा तळ हळूहळू दुधाळ चंदनावर उतरतो. थेंबभर मनगटावर लावून तीन तासांनी हुंगलं की फरक कळतो. अत्तर तेलकट असतं, त्यामुळे पैठणीवर किंवा सिल्कच्या कुर्त्यावर लावू नका, डाग जात नाही. स्प्रेमधलं अल्कोहोल मोत्यांची झळाळी घालवतं, म्हणून दागिने नंतर घाला.

अंबर: थंडीचा राजा, मे महिन्याचा वैरी

हे अंबर म्हणजे व्हेल माशापासून मिळणारा अंबर नव्हे. लॅब्डेनम ही राळ, बेंझोइन (हीही राळच) आणि व्हॅनिला यांचा मिळून होणारा उबदार, गोडसर वास म्हणजे परफ्यूमच्या भाषेतलं अंबर. त्यात लवंग, वेलदोडा, दालचिनी, केशर मिसळलं की मसालेदार अंबर. गेर्लांचा ‘शालिमार’ (1925) हा या कुळाचा मानदंड. 1992 च्या ‘एंजल’ने त्यात इथाइल माल्टॉलचा, म्हणजे यात्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास घातला आणि तिथून खाऊसारख्या गोड परफ्यूमची लाट आली. कॅरॅमल, चॉकलेट, कॉफी असं काही खोक्यावर दिसलं की ते याच फांदीचं.

टिकण्यात अंबरला तोड नाही: आठ ते बारा तास, कपड्यावर दुसऱ्या दिवशीही. पण ऊन वाढलं की जड रेणूसुद्धा भराभर उडतात, गोडवा फुगतो आणि घामाबरोबर आंबूस लागतो. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूरला, किंवा टोरंटो-लंडनच्या हिवाळ्यात राहणाऱ्यांना हे कुळ शोभतं. मुंबईत ते एसी हॉलपुरतं ठेवा. फवारा एक, फार तर दोन. पांढऱ्या शर्टवर नको, कारण व्हॅनिलिन असलेले परफ्यूम बाटलीतही कालांतराने तपकिरी होतात आणि कापडावर पिवळट डाग सोडतात.

‘ऊद’ लिहिलेली बाटली न हुंगता घेण्याचं धाडस करू नका. आपण धुपाटण्यात घालतो तो ऊद म्हणजे गोड राळ. परफ्यूममधला ऊद अगरूच्या लाकडाचा: चामड्यासारखा, औषधी, कधी गोठ्याकडे झुकणारा. परवडणाऱ्या बाटल्यांत तो बहुधा प्रयोगशाळेत रचलेला असतो आणि त्यात उटण्यातला नागरमोथा वापरलेला असतो.

फूजेर आणि शिप्र, थोडक्यात

हे आणखी दोन जुने प्रकार. फूजेर: लव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफूल), कूमारिन (वाळल्या गवताच्या वासाचं द्रव्य). सलूनमधल्या आफ्टरशेव्हचा वास. 1882 च्या ‘फूजेर रॉयाल’पासून चालत आलेला, पुरुषांसाठी बिनधोक. शिप्र: वर बर्गमॉट, खाली ओकमॉस आणि लॅब्डेनम, फ्रान्स्वा कोटी या परफ्यूमकाराच्या 1917 च्या ‘शिप्र’वरून. कडवट आणि शेवाळी. पहिली बाटली म्हणून घेऊ नका.

ईडीपी घेतलं म्हणजे टिकेलच असं नाही

ढोबळ हिशेब असा: कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य 2 ते 5 टक्के, ईडीटीत (ओ द त्वालेत) 5 ते 15, ईडीपीत (ओ द पार्फम) 15 ते 20, ‘पार्फम’मध्ये त्याहून वर. पण ही कायद्याने बांधलेली मोजमापं नाहीत, प्रत्येक कंपनीची आपापली. आणि टिकणं ठरतं ते आधी कुळावर. लिंबूवर्गीय ईडीपी अंबरच्या ईडीटीपुढे टिकत नाही. तेव्हा ‘स्ट्राँग’ हवं म्हणून जादा पैसे मोजण्याआधी बेसमध्ये काय आहे ते वाचा.

हुंगायचं कसं

अंगावर काही न लावता दुकानात जा. चार कुळांच्या चार कागदी पट्ट्या घ्या, प्रत्येकीवर नाव आणि वेळ लिहा. अल्कोहोल उडायला अर्धा मिनिट द्या, तोवर नाक लावू नका. पाच-सहा वासांनंतर नाक थकतं. कॉफीच्या बिया पुढे केल्या जातात, पण स्वतःचा कोपर हुंगला तरी तेवढंच काम होतं. त्यातले आवडलेले दोनच दोन मनगटांवर मारा. मनगटं एकमेकांवर घासू नका, वरचा पदर लवकर उडतो. मग दुकानाबाहेर पडा. पंधरा मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी हुंगा. चार तासांनंतरचा वास आवडला तरच तो तुमचा. पट्टी आणि कातडी वेगळं सांगत असतील तर कातडीचं ऐका. कातडी कोरडी असेल तर वास कमी टिकतो. आधी बिनवासाचं क्रीम चोळलं की तास-दोन तासांचा फरक पडतो.

अर्ध्या तासात स्वतःचा वास स्वतःला येईनासा होतो. ते नाक सरावल्याचं लक्षण आहे, परफ्यूम उडाल्याचं नव्हे. त्या वेळी मारलेले जादा फवारे फक्त शेजाऱ्याला जाणवतात. कस्तुरीचे काही जड रेणू तर काहींच्या नाकाला मुळातच कळत नाहीत, म्हणून घरच्या कोणाला तरी विचारून घ्या.

एक फवारा साधारण 0.1 मिली. म्हणजे 5 मिलीच्या नमुन्यात पन्नासेक फवारे, आठवडा-दोन आठवडे वापरून बघायला पुरेसे. 100 मिलीच्या बाटलीत सुमारे हजार. रोज चार मारले तरी आठ महिन्यांवर जाते. लिंबूवर्गीय बाटली उन्हात किंवा न्हाणीघरात ठेवली तर तेवढ्या काळात तिचा टॉप उतरून जातो, म्हणून त्या कुळात 50 मिलीच्या वर जाऊ नका. अंबर आणि लाकडी खोक्यात घालून कपाटात ठेवले तर वर्षानुवर्षं राहतात, तिथे मोठी बाटली परवडते.