धुतलेली साखरेची वाटी: सहा महिन्यांत तीनदा वाचलेलं पुस्तक

मृग लागला तेव्हा हे पुस्तक मागवलं होतं. आमच्या गावात कुरिअर येत नाही, म्हणून पत्ता तालुक्याच्या एका मेडिकलचा दिला. तिथून ते दुधाच्या गाडीनं आलं, एक कोपरा भिजलेला. आता तुरीला शेंगा भरल्यात. तेवढ्या दिवसांत तीनदा वाचून झालं.

शर्ली जॅक्सनची 'वी हॅव ऑल्वेज लिव्हड इन द कॅसल'. १९६२ ची कादंबरी, जेमतेम दीडशे पानांची. इंग्रजी सोपं आहे, सुरुवातीला एका विषारी अळिंबीचं नाव तेवढं अडतं. सहा वर्षांपूर्वी ब्लॅकवुडांच्या घरी एका रात्री जेवणात चार माणसं मेली. फळांवर घालायच्या साखरेत आर्सेनिक होतं, उंदरांसाठी आणलेलं. उरले तिघं. थोरली कॉन्स्टन्स, जिच्यावर खटला चालला आणि जी सुटली. धाकटी मेरिकॅट, आता अठरा वर्षांची, तीच गोष्ट सांगते. आणि विषातून वाचलेला, चाकाच्या खुर्चीतला ज्युलियन काका, जो त्या रात्रीच्या नोंदी लिहीत बसतो आणि काल काय झालं ते विसरतो.

पहिल्यांदा वाचलं ते 'कोणी केलं' एवढ्यासाठी. उत्तर सांगत नाही, पण निम्म्याच्या आधीच माझा अंदाज बरोबर निघाला आणि मी जरा हिरमुसलेच. शेवटच्या पानावर धक्का हवा असेल तर हे घेऊ नका.

दुसऱ्यांदा वाचलं कापसाच्या वेच्याच्या दिवसांत, आणि तेव्हा गाव दिसलं. मेरिकॅट मंगळवारी नि शुक्रवारी किराणा आणायला जाते. ती दुकानात शिरली की बोलणं थांबतं, आणि पोरं तिच्यामागे विषाचं गाणं म्हणतात. आमच्याकडे गाणं म्हणत नाहीत. आमच्याकडे दुकानदार जरा जास्तच गोड होतो, 'या बाई, बसा,' आणि ओट्यावरचे दोघं एकदम पावसाचं विचारायला लागतात. लेखिका स्वतः अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या नॉर्थ बेनिंग्टन या लहान गावात बाहेरून येऊन राहिलेली. ते पानापानांत कळतं. पुढे हेच गाव त्या घरावर दगड घेऊन येतं, आणि नंतर तीच माणसं अंधारात पायरीवर जेवणाची भांडी ठेवून जातात, सोबत माफीच्या चिठ्ठ्या. मयतीच्या घरी शेजारून डबे येतात, ते आठवलं. डबा आला की कोणी काही विचारत नाही, आणि घरच्यांनाही काही सांगावं लागत नाही.

मी अडकले ती मात्र एका लहानशा गोष्टीत. पोलिस यायच्या आधी कॉन्स्टन्सनं ती साखरेची वाटी धुवून ठेवली होती. कारण विचारलं तर म्हणाली, आत कोळी होता.

आमच्या यवतमाळकडे कीटकनाशकाला 'औषध'च म्हणतात. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारायचं तेही औषध, तापावरचं तेही औषध. २०१७ च्या हंगामात फवारता फवारताच जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली, तेव्हा पेपरात 'विषबाधा' छापून यायचं आणि गावात बाया 'औषध लागलं' म्हणायच्या. माझे काका गेले ते त्याच्या कितीतरी आधी. घरात सांगितलं गेलं, वावरात चक्कर येऊन पडले. मी मागच्या दारात उभी होते. आई चुलीच्या राखेनं एक गडवा घासत होती, घासून झाला तरी घासतच होती. तेव्हा काही वाटलं नाही. पुढे कळतं झाल्यावर कोणीतरी सरकारी मदतीची गोष्ट काढली, १ लाख रुपये, पात्र-अपात्र, तर आबाजी उठून गोठ्यात गेले. अर्ज केलाच नाही. का, ते आजवर कोणी बोललं नाही.

तक्रारीही आहेत. पैशावर डोळा ठेवून आलेला चुलतभाऊ चार्ल्स फार सपाट आहे, तिजोरीशिवाय त्याला काही दिसतच नाही. आणि खुनामागचं कारण लेखिका जवळपास देतच नाही. पहिल्यांदा मला ही चूक वाटली होती, आता वाटत नाही. तळघराचं वर्णन मात्र कितीदाही वाचावं: ब्लॅकवुडांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी भरून ठेवलेल्या बरण्या, रांगेनं. जुन्यांना कोणी हात लावत नाही, खाल्लं तर मरू म्हणून. आमच्या माळ्यावरही मोठ्याईच्या हातचं लिंबाचं लोणचं आहे, काळंभोर झालेलं. ते कोणी काढत नाही, फेकतही नाही.

दोघांना वाचायला दिलं. शाळेतल्या सरांनी 'हळू आहे' म्हणून चार दिवसांत परत केलं. मैत्रिणीनं दीड महिना ठेवलं आणि परत देताना एवढंच म्हणाली, घरात सगळ्यांना माहीत असतं ना.

तिसऱ्या वाचनानंतर, मागच्या रविवारी, तुरीच्या शेंगा सोलता सोलता आईला गोष्ट सांगितली. नावं बदलली, आर्सेनिकचं औषध केलं. पोलिस यायच्या आधी त्या बहिणीनं वाटी धुतली, इथपर्यंत आले आणि थांबले. आईचे हात चालूच होते.

"मंग? तशीच ठेवली असती तं?" ती म्हणाली. "घरात लहान पोरगी होती ना."

मेरिकॅट तेव्हा बारा वर्षांची होती. मी नऊची.